पाण्याखालचे छायाचित्रण : साधा कॅमेरा आणि मधले पाणी

स्कूबा डायव्हिंगच्या पहिल्या सहलीहून परतलेल्या पर्यटकांची छायाचित्रे पाहताना एक तक्रार हमखास ऐकू येते. पाण्याखाली सारे कसे रंगीबेरंगी होते. छायाचित्रांत मात्र सगळेच निळसर, हिरवट आणि धुरकट. मधोमध एक करडा ठिपका असतो आणि तो मासा आहे, हे बोट ठेवून सांगावे लागते. दोष अर्थातच कॅमेऱ्याच्या माथी मारला जातो आणि पुढच्या खेपेला अधिक किमती कॅमेरा घेण्याचा निश्चय होतो. वस्तुतः दोष असतो तो कॅमेरा आणि मासा यांच्या मधल्या पाण्याचा. हे पाणी कितीही महागड्या भिंगाने नाहीसे होत नाही; ते जवळ जाऊनच कमी करावे लागते. मात्र जवळ जाताना माशाला धक्का लागू नये, प्रवाळ मोडू नये आणि स्वतःच्या श्वासाचा हिशेबही चुकू नये, ही खरी कसोटी आहे. कॅमेरा साधा असला म्हणून या कसोटीतून सुटका होत नाही.

रंग जातात कोठे?

सूर्यप्रकाश पाण्यात शिरला, की त्यातील सगळे रंग सारख्याच अंतरापर्यंत पोहोचत नाहीत. पाणी तांबडा रंग सर्वांत आधी शोषून घेते. स्वच्छ समुद्रातसुद्धा पाचएक मीटर खोलीवर तांबडा फिका पडू लागतो, दहा मीटरच्या आसपास नारिंगीची तीच गत होते आणि वीस मीटरच्या पुढे पिवळाही मावळतो. उरतो तो निळा. खोल पाण्यात पाणबुड्याचे बोट कापले, तर रक्त हिरवट काळसर दिसते, ते यामुळेच. माणसाचा मेंदू मोठा समजूतदार असल्याने तो या बदलाची काही प्रमाणात भरपाई करून घेतो आणि पाहणाऱ्याला रंग असल्याचा भास होतो. कॅमेऱ्याला असा समजूतदारपणा नसतो.

येथे एक गोष्ट नवशिक्यांच्या लक्षात येत नाही. हिशेब केवळ खोलीचा नसतो, प्रकाशाच्या एकूण प्रवासाचा असतो. पाच मीटर खोलीवरचा मासा तीन मीटर अंतरावरून टिपला, तर त्याच्यापर्यंतचे पाच मीटर आणि त्याच्यापासून कॅमेऱ्यापर्यंतचे तीन, असे किमान आठ मीटर पाणी प्रकाशाने ओलांडलेले असते. हाच मासा अर्ध्या मीटरवरून टिपला, तर छायाचित्र एकदम उजळून निघते. कॅमेरा तोच, समुद्र तोच. फरक पडतो तो अडीच मीटर पाण्याचा.

दुसरी गोष्ट अपवर्तनाची. हवेतून पाण्यात जाताना प्रकाशकिरण वाकतो, हे शाळेत पेन्सिल पाण्यात बुडवून सर्वांनीच पाहिलेले असते. मास्कच्या किंवा कॅमेऱ्याच्या सपाट काचेतून पाहताना पाण्यातील वस्तू असते त्याहून सुमारे एकतृतीयांशाने मोठी आणि एकचतुर्थांशाने जवळ भासते. म्हणूनच नवखा पाणबुडा एखाद्या वस्तूकडे हात नेतो आणि हात अलीकडेच राहतो. स्वयंचलित फोकस असलेल्या कॅमेऱ्याला याची अडचण होत नाही, कारण त्यालाही वस्तू तितकीच जवळ भासते. पण भिंगाचा आवाका मात्र आक्रसतो. जमिनीवर जे भिंग प्रशस्त वाटते, ते पाण्यात जेमतेम वाटू लागते. मग मोठा मासा चौकटीत मावावा म्हणून मागे सरकण्याचा मोह होतो आणि मागे सरकताच पुन्हा मधले पाणी वाढते. छोट्या कॅमेऱ्यावर वरून बसवता येणारे रुंद कोनाचे जोडभिंग मिळते, ते या दुखण्यावरचा इलाज म्हणून.

तिसरी गोष्ट पाण्यात तरंगणाऱ्या कणांची. गाळ, वाळू आणि सूक्ष्म प्लवक यांनी कोकणच्या किनाऱ्यालगतचे पाणी सहसा भरलेले असते. मालवणला हिवाळ्यातल्या चांगल्या दिवशीही दृश्यता काही मीटरांपुरतीच असते. अंदमान किंवा लक्षद्वीपला ती वीस मीटरच्या पुढे जाऊ शकते. कॅमेऱ्याचा अंगचा फ्लॅश भिंगाला खेटून असल्यामुळे तो या कणांवर समोरून आदळतो आणि छायाचित्रात बर्फवृष्टी झाल्यासारखे पांढरे ठिपके उमटतात. घाटातल्या धुक्यात गाडीचे मोठे दिवे लावल्यावर जे होते, तेच हे. उपाय दोन. फ्लॅश बंद ठेवावा आणि उथळ पाण्यात सूर्यप्रकाशावर भागवावे. किंवा विषय इतका जवळ असावा, की मध्ये कणांना जागाच उरू नये. कॅमेऱ्याच्या बाजूला लांब दांडीवर बसवलेला स्वतंत्र फ्लॅश, ज्याला स्ट्रोब म्हणतात, हा तिसरा आणि उत्तम उपाय होय. परंतु त्याची किंमत अनेकदा कॅमेऱ्याहून अधिक असते आणि तो सांभाळण्यासाठी हात अगोदर सरावलेले असावे लागतात. पहिल्या वीस-पंचवीस डुबक्यांत तो नसलेलाच बरा.

गळक्या पेटीपासून सुरुवात

या छायाचित्रणाचा इतिहास गळतीपासून सुरू होतो, हे वाचून नवशिक्यांना धीर यावा. १८५६ मध्ये विल्यम थॉम्पसन या इंग्रज गृहस्थाने वेमथच्या उपसागरात सुमारे साडेपाच मीटर खोल पाण्यात कॅमेऱ्याची पेटी होडीतून सोडली. पेटीत पाणी शिरले, तरी काचेवर समुद्रतळाची अंधूक प्रतिमा उमटली. स्वतः पाण्यात उतरून पद्धतशीर छायाचित्रे घेण्याचा मान फ्रेंच जीवशास्त्रज्ञ लुई बुताँ यांच्याकडे जातो. १८९३ पासून बान्यूल्स-सूर-मेर येथील सागरी प्रयोगशाळेच्या परिसरात त्यांनी प्रयोग केले. कॅमेरा त्यांच्या भावाच्या मदतीने तयार झाला होता आणि नैसर्गिक प्रकाशात एकेका छायाचित्राला कधी कधी अर्धा तास लागे. अर्धा तास स्थिर उभा राहील असा मासा अर्थातच मिळणे कठीण. मग बुताँ यांनी लाकडी पिंपावर जळता दिवा बसवून त्यावर मॅग्नेशियमची पूड उडवण्याची युक्ती काढली.

पाण्याखालच्या माशांची पहिली रंगीत छायाचित्रे १९२६ मध्ये फ्लोरिडाजवळच्या ड्राय टोर्टुगाज बेटांपाशी टिपली गेली. विल्यम लाँगली हे मत्स्यशास्त्रज्ञ आणि चार्ल्स मार्टिन हे ‘नॅशनल जिऑग्राफिक’चे छायाचित्रकार या कामी एकत्र आले होते. प्रकाशासाठी त्यांनी पाण्यावरच्या तराफ्यावर मॅग्नेशियमच्या पुडीचा स्फोट घडवून आणला. एका माशाच्या छायाचित्रासाठी एवढा खटाटोप! १९४३ मध्ये जाक-इव्ह कुस्तो आणि एमिल गान्याँ यांनी ‘अ‍ॅक्वालंग’ सिद्ध केले आणि पाणबुड्याची वरून हवा पुरवणाऱ्या नळीतून सुटका झाली. कुस्तो यांच्याच प्रेरणेने बेल्जियन अभियंता जाँ द वूतेर यांनी ‘कॅलिप्सो’ हा आटोपशीर जलरोधक कॅमेरा घडवला. त्याचे हक्क निकॉन कंपनीने घेतले आणि १९६३ मध्ये ‘निकोनोस’ बाजारात आला.

निकोनोस हा खऱ्या अर्थाने साध्या पाणबुड्याचा कॅमेरा होता. त्याला वेगळी पेटी लागत नसे. पण त्याच्या बहुतेक अवतारांत फोकस नजरेच्या अंदाजाने लावावा लागे आणि रोलमध्ये छायाचित्रे असत अवघी ३६. पाण्याखाली रोल बदलण्याची सोय नाही. त्यामुळे बटन दाबण्यापूर्वी विचार करण्याची सवय त्या पिढीला आपोआपच लागली. २००१ मध्ये निकोनोसचे उत्पादन थांबले. त्याच सुमारास छोटे डिजिटल कॅमेरे आणि त्यांच्यासाठी पारदर्शक प्लॅस्टिकच्या पेट्या सर्वसामान्यांच्या आवाक्यात येऊ लागल्या. आता एका डुबकीत शेकडो छायाचित्रे घेता येतात आणि त्यांतली बहुतेक पुसून टाकावी लागतात.

साधी सामग्री म्हणजे किती साधी?

आज साध्या सामग्रीचे तीन प्रकार प्रचलित आहेत. पहिला, मुळातच जलरोधक असलेला छोटा कॅमेरा. २०२३ मध्ये आलेला ‘ओएम सिस्टीम’चा टीजी-७ पेटीशिवाय १५ मीटरपर्यंत चालतो आणि त्यासाठीच्या खास पेटीत ४५ मीटरपर्यंत. दुसरा, गोप्रोसारखा अ‍ॅक्शन कॅमेरा. तो चित्रीकरणाला उत्तम, परंतु इंचभर लांबीच्या जीवाचे बारकावे टिपण्यात उणा पडतो. तिसरा, साधा डिजिटल कॅमेरा आणि त्याच्या मापाची पेटी, म्हणजे हाउसिंग. मोबाइल फोनसाठी मिळणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या पोहताना किंवा स्नॉर्केलिंग करताना ठीक. स्कूबासाठी त्यांच्यावर विसंबणे म्हणजे फोनला जलसमाधी देणे होय.

कॅमेरा मुळात जलरोधक असला, तरी डुबकीसाठी पेटी घ्यावीच. दर दहा मीटरला पाण्याचा दाब एका वातावरणाएवढा वाढतो. १५ मीटरची मर्यादा असलेला कॅमेरा घेऊन १८ मीटरपर्यंत उतरण्याचा परवाना असलेला पाणबुडा गेला आणि एखाद्या कासवामागे थोडा खाली सरकला, की मर्यादा केव्हा ओलांडली हे समजतसुद्धा नाही.

पेटीचे सारे आयुष्य एका रबरी कड्यावर अवलंबून असते. त्याला ओ-रिंग म्हणतात. त्यावर अडकलेला एक केस, वाळूचा एक कण किंवा टॉवेलचा एक धागा पाणी आत यायला पुरेसा होतो. म्हणून पेटी होडीवर, वाऱ्यात, ओल्या हातांनी उघडू नये. निघण्यापूर्वी खोलीवर, उजेडात, कोरड्या हातांनी कडे बोटाने चाचपून पाहावे, उत्पादकाने दिलेल्या सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवावा आणि पेटी बंद केल्यावर झाकणाच्या कडेने नजर टाकावी. ग्रीस जास्त लावल्याने पेटी अधिक जलरोधक होते, हा गैरसमज आहे. जास्त ग्रीसला कचराच जास्त चिकटतो. नव्या पेटीची पहिली डुबकी कॅमेऱ्याशिवाय व्हावी. आत टिपकागदाची घडी ठेवून पेटी खाली न्यावी आणि वर आल्यावर कागद कोरडा आहे ना, ते पाहावे. पेटी आतून धुरकटते, त्याचे कारण मात्र गळती नसते. कोकणातल्या दमट हवेत बंद केलेली पेटी थंड पाण्यात गेली, की आतल्या बाष्पाचे काचेवर दव होते. वातानुकूलित खोलीत कॅमेरा भरणे आणि सोबत सिलिका जेलची पुडी ठेवणे, हा त्यावरचा स्वस्त उपाय. वर आल्यानंतर पेटी न उघडता गोड्या पाण्यात बराच वेळ बुडवून ठेवावी आणि पाण्यातच तिची बटने दाबावीत. मीठ बटनांच्या खाली वाळले, तर पुढच्या डुबकीला ती दगा देतात.

कॅमेऱ्याच्या मांडणीत फार खोल शिरण्याचे कारण नाही. झूम वापरू नये, कारण झूमने मासा मोठा होतो तसे मधले पाणीही कायम राहते. फ्लॅशविना काम करायचे असेल, तर ‘व्हाइट बॅलन्स’ हाताने लावून घ्यावा. पांढऱ्या पाटीवर कॅमेरा रोखून तो पाण्याखालीच ठरवता येतो आणि खोली तीनेक मीटरने बदलली, की पुन्हा ठरवावा लागतो. निळ्या पाण्यात लाल गाळणी आणि कोकणासारख्या हिरव्या पाण्यात जांभळट गुलाबी गाळणी उपयोगी पडते. गाळणी लावल्यावर फ्लॅश मात्र वापरू नये. कॅमेऱ्यात ‘रॉ’ची सोय असेल तर तीच निवडावी, म्हणजे घरी बसून रंग सुधारताना हाताशी काही उरते. जो तांबडा रंग कॅमेऱ्यापर्यंत पोहोचलाच नाही, तो संगणकालाही परत आणता येत नाही, हे मात्र गृहीत धरावे.

शरीर हीच तिवई

जमिनीवर कॅमेरा हलू नये म्हणून तिवई लावतात. पाण्यात तिवईचे काम पाणबुड्याच्या शरीराला करावे लागते. ना वर जायचे, ना खाली बुडायचे, असे अधांतरी स्थिर राहण्याच्या कौशल्याला पाणबुडे ‘बॉयन्सी’ म्हणतात आणि पाण्याखालच्या छायाचित्रणात या कौशल्याइतके मोलाचे दुसरे काही नाही. कमरेच्या पट्ट्यात नेमके आवश्यक तेवढेच शिसे, जॅकेटमध्ये जरुरीपुरती हवा आणि बाकीचे काम फुप्फुसांचे. श्वास घेतला की शरीर किंचित वर येते, सोडला की किंचित खाली जाते. सराव झालेला छायाचित्रकार माशाच्या पातळीवर येण्यासाठी हात-पाय हलवत नाही. एक लांब श्वास सोडून तो त्या पातळीवर उतरतो.

मात्र चित्र स्थिर यावे म्हणून श्वास रोखून धरण्याचा मोह जिवावर बेतू शकतो. स्कूबाचा पहिला नियमच असा, की श्वास कधीही रोखू नये. श्वास रोखलेल्या अवस्थेत पाणबुडा नकळत एक-दोन मीटर वर आला, तरी फुप्फुसातली हवा प्रसरण पावून इजा होऊ शकते. छायाचित्रकाराचे दुसरे दुखणे असे, की कॅमेऱ्याच्या पडद्यात डोके घातल्यावर त्याला हवेच्या मापकाचा, खोलीचा आणि जोडीदाराचाही विसर पडतो. जोडीदाराच्या दृष्टीने छायाचित्रकार हा सर्वांत बेभरवशाचा सोबती, अशी त्याची ख्याती आहे आणि ती अगदीच निराधार नाही. काही छायाचित्रांनंतर एकदा मापक पाहायचे, ही सवय अंगी बाणल्याशिवाय कॅमेरा हाती धरू नये. वर येताना पाच मीटरवर तीन मिनिटे थांबायचे असते; त्या तीन मिनिटांत छायाचित्रे पाहत बसण्यापेक्षा खोली सांभाळावी.

यामुळेच पहिल्या अनुभव-डुबकीत पर्यटकाच्या हाती कॅमेरा नसणेच योग्य. मालवण-तारकर्लीला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात हजारो पर्यटक अशी पहिली डुबकी घेतात आणि तेथे प्रशिक्षकच चित्रीकरण करतो, ते सोयीचे आहे आणि सुरक्षितही. ज्यांना पुढे जायचे आहे, त्यांनी आधी रीतसर प्रशिक्षण पूर्ण करावे. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने तारकर्लीला स्कूबा प्रशिक्षणाची संस्था उभारली आहे. गोव्याजवळचे ग्रँड आयलंड, कर्नाटकातील नेत्राणी, अंदमानातील स्वराज द्वीप म्हणजे पूर्वीचे हॅवलॉक, आणि लक्षद्वीप ही पुढची पायरी. विजयदुर्गच्या पश्चिमेला सुमारे १०५ किलोमीटरवर समुद्रात बुडालेले, कान्होजी आंग्रे यांच्या नावाने ओळखले जाणारे आंग्रिया बँक हे प्रवाळक्षेत्र मराठी पाणबुड्यांना खुणावत असते. परंतु त्याचा सर्वांत उथळ भागच वीसएक मीटर खोल आहे आणि मदत फार दूर. ते नवशिक्यांचे ठिकाण नव्हे.

मासा काय करतो, ते पाहावे

छोट्या कॅमेऱ्याची खरी मर्दुमकी दिसते ती छोट्या जीवांवर. अशा कॅमेऱ्यांची ‘मॅक्रो’ सोय काही सेंटिमीटरवर फोकस करते आणि त्यातील संवेदक लहान असल्याने पुढून मागेपर्यंतचा बराच भाग रेखीव येतो. मोठ्या कॅमेऱ्याला यासाठी निराळे भिंग घ्यावे लागते. म्हणून आरंभ समुद्रातील शंखहीन गोगलगायींपासून करावा. न्युडिब्रँक या नावाने त्या ओळखल्या जातात. काही सेंटिमीटर लांबी, पाठीवर पिसाऱ्यासारखे कल्ले, डोक्यावर दोन स्पर्शिका आणि दागिन्यांच्या दुकानात शोभावेत असे रंग. त्यांना पळता येत नाही. छायाचित्रकाराने वरून खाली न रोखता त्यांच्या पातळीवर यावे आणि त्या आपल्याकडे तोंड वळवेपर्यंत थांबावे, एवढेच.

विदूषक मासा पळून जात नाही, पण स्थिरही राहत नाही. ‘फाइंडिंग निमो’ या २००३ च्या चित्रपटाने तो घरोघरी पोहोचवला. समुद्रफुलाच्या दंशक भुजांमध्ये तो वस्ती करतो. त्याच्या टोळीत सर्वांत मोठी असते ती मादी आणि तिच्या खालोखाल प्रजननक्षम नर. मादी मेली, तर तो नरच मादी होतो. हा मासा पुन्हा पुन्हा बाहेर झेपावतो आणि पुन्हा भुजांत शिरतो. त्याच्यामागे कॅमेरा फिरवत राहिले, तर हाती शेपटाच लागतात. फोकस समुद्रफुलाच्या कडेवर लावून, बटन अर्धे दाबून वाट पाहिली, की काही मिनिटांत तो स्वतः भिंगासमोर येतो. घराच्या रक्षणासाठी तो पाणबुड्यावरही धावून जातो, हे छायाचित्रकाराच्या पथ्यावर पडते.

दगडमासा आणि सिंहमासा हलत नाहीत, कारण त्यांना तशी गरज नाही. त्यांच्या पृष्ठपरांचे काटे विषारी असतात. सिंहमासा निदान दिसतो तरी. दगडमासा नावाप्रमाणे दगडच वाटतो, आणि छायाचित्र घेताना आधारासाठी तळावर हात टेकण्याची सवय ज्यांना असते, त्यांना तो फार महागात पडू शकतो. अष्टपाद रंग बदलून बिळात सरकतो. बिळापासून थोडे दूर, स्वस्थ राहिल्यास त्याचे कुतूहल त्याला बाहेर काढते. कासवाच्या बाबतीत एक गोष्ट कटाक्षाने पाळावी. ते हवेत श्वास घेणारे प्राणी आहे. ते वर निघाले असता त्याची वाट अडवणे म्हणजे त्याचा श्वास अडवणे. त्याच्या बाजूने, त्याच्याच दिशेने, त्याला दिसेल असे पोहावे. पाठलाग करून मिळते ते केवळ कवचाच्या मागच्या भागाचे चित्र.

प्रवाळाला बसणारा धक्का

छायाचित्रकार काही उचलून नेत नाही, म्हणून तो निरुपद्रवी, असा समज आहे. ऑस्ट्रेलियातील प्रवाळभित्तींवर केलेल्या आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निराळेच चित्र पुढे आले. कॅमेरा न घेता उतरलेल्या पाणबुड्यांपेक्षा खास छायाचित्रणासाठी उतरलेल्यांच्या हातून अधिक प्रवाळ मोडले. कारण साधे आहे. फोकस साधताना माणूस गुडघे टेकतो, एका हाताने खडकाला धरतो आणि पायातले लांब फिन्स मागे काय करत आहेत, याचे त्याला भान राहत नाही. फांद्यांचे प्रवाळ वर्षाला काही सेंटिमीटर वाढतात, गोलाकार घुमटासारखे तर त्याहून कितीतरी कमी. एका चित्रासाठी मोडलेली फांदी भरून यायला वर्षे लागतात.

फ्लॅशच्या प्रकाशाबद्दल बरीच भीती व्यक्त केली जाते. समुद्रघोड्यांसारख्या तळाशी राहणाऱ्या माशांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात फ्लॅशमुळे त्यांच्या डोळ्यांना इजा झाल्याचे आढळले नाही. मात्र पाणबुड्यांनी त्यांना हात लावणे, चित्रासाठी हलवणे यांचा त्यांच्यावर स्पष्ट परिणाम दिसला. म्हणजे अपराधी प्रकाश नव्हे, हात. काडीने डिवचून फुग्या माशाला फुगवणे, समुद्रघोड्याला गवतावरून सोडवून मोकळ्या वाळूवर ठेवणे, गोगलगायीला रंगीत प्रवाळावर नेऊन ‘बसवणे’ हे प्रकार जगभर चालतात आणि अशी चित्रे जाणकाराच्या नजरेतून सुटत नाहीत. ज्या जीवाचे खाद्य त्या खडकावर नाही, तो जीव तिथे कसा, हा प्रश्न त्याला लगेच पडतो.

भारतात हा केवळ शिष्टाचाराचा प्रश्न नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ मध्ये प्रवाळ, समुद्रघोडे आणि व्हेल शार्क यांचा समावेश झाला. वाघाला लाभणाऱ्या संरक्षणाच्या पंक्तीत ते बसले. किनाऱ्यावर वाहून आलेला प्रवाळाचा मृत तुकडा आठवण म्हणून पिशवीत टाकणेही त्यामुळे अंगाशी येऊ शकते. मालवणचे सागरी अभयारण्य तर १९८७ पासूनचे आहे.

छायाचित्राचा उपयोग

जवळून, नेमके आणि जीवाला न दुखावता घेतलेले चित्र शोभेपुरते राहत नाही. पॅसिफिक महासागरातील न्यू कॅलेडोनियाच्या नूमेआ शहरालगत एका लोकप्रिय चौपाटीवर विषारी समुद्रसर्पांची एक मोठी जात दुर्मीळ समजली जात होती. २०१७ पासून साठी-सत्तरीतल्या सात स्त्रियांनी संशोधकांना साथ द्यायचे ठरवले. त्या स्कूबा नव्हे, साधे स्नॉर्केलिंग करीत आणि त्यांच्या हाती साधे कॅमेरे असत. या सापांच्या शेपटीवरची नक्षी प्रत्येकाची वेगळी असते. ती टिपून एकेक साप ओळखता येतो. २०१९ मध्ये संशोधकांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले, तेव्हा त्या परिसरात अडीचशेच्या घरात साप असल्याचे सिद्ध झाले होते. आजीबाईंनी मोजदाद केली नसती, तर ‘दुर्मीळ’ हा शिक्का पुसला गेला नसता.

व्हेल शार्कच्या अंगावरील पांढऱ्या ठिपक्यांची रचनाही अशीच माणसाच्या बोटाच्या ठशासारखी असते. खगोलशास्त्रज्ञ ताऱ्यांच्या नकाशांची जुळणी ज्या संगणकीय पद्धतीने करीत, तीच पद्धत वापरून या ठिपक्यांवरून शार्क ओळखता येतात, हे २००५ मध्ये दाखवून देण्यात आले. तेव्हापासून पर्यटकांची छायाचित्रे या नोंदीत भर घालीत आहेत. लक्षद्वीपच्या प्रवाळांनी १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये तापलेल्या पाण्यामुळे रंग गमावण्याचे संकट सोसले. एप्रिल २०२४ मध्ये जगभरातील प्रवाळ पुन्हा पांढरे पडत असल्याचे जाहीर झाले. एखाद्या खडकाचे दहा वर्षांपूर्वीचे साधे छायाचित्र अशा वेळी पुरावा ठरते, कारण त्या जागी काय होते हे सांगणारे दुसरे काही उरलेले नसते.

हौस म्हणून डुबकी मारणाऱ्यालाही या कामात सहभागी होता येते. ‘आयनॅचरलिस्ट’ या संकेतस्थळावर छायाचित्र चढवल्यास जाणकार ओळख पटवून देतात. मुंबईत २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या उपक्रमाने हाजीअली, गिरगाव अशा किनाऱ्यांवर ओहोटीच्या वेळी खडकांतल्या डबक्यांत दिसणाऱ्या जीवांची छायाचित्रे याच पद्धतीने नोंदवली. तिथे न्युडिब्रँकही सापडतात, तेही पाठीवर सिलिंडर न बांधता. पावसाळ्यात कोकणातली डायव्हिंग केंद्रे बंद असतात. त्यानंतर समुद्र निवळून मोसम सुरू होण्याची वाट पाहणाऱ्याला फोकस आणि संयम या दोन्हींचा सराव करायला यापेक्षा चांगली जागा मिळणार नाही.

नोंद उपयोगी पडावी असे वाटत असेल, तर डुबकीपूर्वी कॅमेऱ्यातले घड्याळ बरोबर लावून घ्यावे, कारण पाणबुड्याच्या मनगटावरील डाइव्ह कॉम्प्युटरमधील वेळेशी ते जुळले, की प्रत्येक छायाचित्र किती खोलीवर घेतले, हे नंतर काढता येते. एक चित्र जीवाचे, एक त्याच्या आसपासच्या तळाचे, आणि शक्य झाल्यास एक बाजूने. ठिकाणाचे नाव, तारीख, खोली आणि पाण्याचे तापमान त्याच संध्याकाळी वहीत उतरवावे.